गरोदरपणातली पोटदुखी: ‘पित्त’ म्हणण्याआधी बीपी

गरोदरपणाच्या २० व्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की प्रीएक्लॅम्प्सियाचे निदान होते. प्रथिने नसली तरी यकृत, मूत्रपिंड यांच्यावर परिणाम दिसला तर तेही हेच दुखणे. यकृताला सूज आली की छातीखालच्या खळग्यात किंवा उजव्या बरगडीखाली कळ येते. पित्ताची जळजळही तिथलीच.

चाकण एमआयडीसीत पाळ्यांची ड्युटी आणि अवेळी जेवण ठरलेले, त्यामुळे पोट दुखले की पित्त, हे निदान बाईला न तपासताच होते. प्रस्तुत लेखिकेला आठव्या महिन्यात अशीच कळ आली. खासगी दवाखान्यात “पित्तच आहे, तिखट बंद करा” एवढे ऐकवून पातळ औषधाची बाटली हातात दिली गेली. बीपीचा पट्टा टेबलावर गुंडाळलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, चेहरा सुजला. पिंपरीच्या रुग्णालयात बीपी भरले १७०/११०. आधीच्या दवाखान्यात जाब विचारल्यावर “तेव्हा नॉर्मलच होतं” असे उत्तर आले. केसपेपरवर मात्र बीपीची जागा कोरी होती.

पुढे त्याच दवाखान्याने पोटातल्या जंतूवर खापर फोडले. हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. जठराचा दाह आणि अल्सर तो करतो. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांत त्याचा, विशेषतः कॅगए प्रथिन असलेल्या प्रकाराचा, संसर्ग अधिक असल्याचे इटलीतल्या अभ्यासांत दिसले. पण तो बीपी चढवतोच, हे सिद्ध झालेले नाही. आणि जंतू असला तरी बीपी न मोजण्याला ते कारण होत नाही.

प्रत्येक तपासणीत बीपी आणि लघवी तपासून घ्यावी, आकडा आपल्यासमोर कार्डावर लिहून घ्यावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते. बीपी १६०/११० झाले, डोके फुटेल इतके दुखले, अंधुक दिसले किंवा बरगडीखाली कळ आली, तर सकाळची वाट न पाहता प्रसूतीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. १०८ ला फोन करावा. चाकण चौकातली कोंडी धरून वेळेचा हिशेब करावा.

जंतूची तपासणी शौचाच्या नमुन्यावर होते. त्यावरचा प्रतिजैविकांचा कोर्स बहुधा बाळंतपणानंतर देतात. बीपीचा धोका मात्र प्रसूतीने लगेच संपत नाही. तो पुढचे सहा आठवडेही राहू शकतो, म्हणून त्या काळातही बीपी मोजत राहावे लागते.