वृश्चिकातील न दिसणारे तेज

मे महिन्यात रात्री 10 नंतर आग्नेयेला पाहिले की वृश्चिक राशीतला तांबूस ज्येष्ठा तारा सहज ओळखता येतो. त्याच्या उत्तरेला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर, आपल्याला विशेष काही दिसत नाही. पण डोळ्यांना क्ष-किरण दिसत असते, तर तिथला झगमगाट प्रथम नजरेत भरला असता! या स्रोताचे नाव स्कॉर्पियस एक्स-1.

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण अडवते. म्हणून 1962 साली रिकार्डो जियाकोनी व सहकाऱ्यांनी अमेरिकेतून अग्निबाण पाठवला. त्यांना चंद्रावरून येणारे क्ष-किरण हवे होते. वातावरणाबाहेर जेमतेम 6 मिनिटे मिळाली आणि सापडला तो हा अनपेक्षित स्रोत. जियाकोनींना 2002 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तिथे आहे तरी काय? सुमारे 9,000 प्रकाशवर्षे दूर एक न्यूट्रॉन तारा आहे. वस्तुमान सूर्याहून जास्त, पण व्यास जेमतेम 20 ते 25 किलोमीटर. तो शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. हा वायू सरळ खाली पडत नाही. भोवती फिरत त्याची तबकडी बनते. आतला थर वेगाने फिरतो, बाहेरचा हळू. त्यांच्यातील खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र घर्षणाचे काम करतात. वायू तापतो आणि हळूहळू आत सरकतो. म्हणजे इथे काही जळत नाही. पडण्याचीच उष्णता होते. तेवढ्याच हायड्रोजनच्या अणुसंमीलनातून मिळेल त्याच्या सुमारे 20 पट ऊर्जा अशी बाहेर पडते.

आता गणित करू. 29,00,000 ला केल्व्हिनमधील तापमानाने भागा. सर्वांत तीव्र प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. सूर्याचा पृष्ठभाग 5,800 केल्व्हिन, उत्तर 500, म्हणजे दृश्य प्रकाश. तबकडीचा आतला भाग सुमारे 1 कोटी केल्व्हिन, उत्तर 0.29, म्हणजे क्ष-किरण!

अशा तबकड्यांचा अभ्यास करण्यासाठी भारताने 2015 मध्ये ॲस्ट्रोसॅट उपग्रह सोडला. त्यावरील बहुतेक क्ष-किरण उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. जे दिसत नाही ते नाहीच, असे मानू नये, हा या अभ्यासाचा धडा.

गृहपाठ : भट्टीतले लोखंड 1,450 केल्व्हिनला तापले आहे. तरंगलांबी काढा. ती दृश्य प्रकाशाबाहेर असूनही लोखंड लालभडक का दिसते? पालकांशीही चर्चा करा.