ध्रुवीय अंधारातील क्लोरीनचा माग

दक्षिण ध्रुवावरील ओझोनचा थर वसंत ऋतूत झपाट्याने विरळ होतो, हे जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केले. कारण मात्र वादग्रस्त होते. काहींचा संशय शीतकपाटांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंवर होता. इतर काही जण वाऱ्यांच्या अभिसरणाकडे किंवा सौर घडामोडींकडे बोट दाखवीत. अशा वेळी आम्ही इतिहासाचे अभ्यासक अस्सल साधन मागतो. येथे ते साधन म्हणजे क्लोरीनच्या संयुगांचे प्रत्यक्ष मोजमाप.

स्थितांबरातील क्लोरीन एरवी हायड्रोजन क्लोराइड व क्लोरीन नायट्रेट या संयुगांत बंदिस्त असतो. ध्रुवीय रात्रीत तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की तेथे विरळ ढग बनतात. त्या ढगांच्या कणांवर ही संयुगे परस्परांशी अभिक्रिया करतात व क्लोरीन वायू मोकळा होतो. सूर्य परतताच त्याचे अणू सुटे होऊन ओझोनवर तुटून पडतात आणि क्लोरीन मोनॉक्साइड तयार होतो.

१९८६ मध्ये सुसान सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली एक पथक अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो तळावर गेले. क्लोरीन डायऑक्साइड उन्हात चटकन मोडतो. म्हणून आरशाने चंद्रप्रकाश उपकरणात वळवून वर्णपटात त्याची खूण शोधण्यात आली. (त्या थंडीत आरसा सांभाळणे हेही विज्ञानच, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.) प्रमाण अपेक्षेच्या अनेक पट निघाले.

तरीही ओझोन जेथे नष्ट होतो तेथेच जाऊन मोजणे आवश्यक होते. १९८७ मध्ये चिलीतील पुंता आरेनास येथून ईआर-२ हे एकाच वैमानिकाचे विमान सुमारे १८ किलोमीटर उंचीवरून ध्रुवीय भोवऱ्यात शिरले. त्यावर जेम्स अँडरसन यांचे उपकरण होते. आत येणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड सोडला जाई. त्यामुळे क्लोरीन मोनॉक्साइडमधून क्लोरीनचे अणू सुटे होत, अतिनील प्रकाशात चमकत, आणि ती चमक मोजली जाई.

ऑगस्टमध्ये भोवऱ्यात क्लोरीन मोनॉक्साइड भरपूर होता, पण ओझोन फारसा घटला नव्हता. सप्टेंबरच्या मध्यास मात्र एक रेघ जेथे चढली तेथेच दुसरी कोसळली. आमच्या मते, केवळ वाऱ्यांना दोष देणाऱ्या मतापुढे या दोन रेघांनी भिंतच उभी केली.

ही उड्डाणे चालू असतानाच, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रिअल करारावर सह्या झाल्या. त्या कराराने क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन केवळ कमी करायचे ठरले होते. ते पूर्ण थांबविण्याचा निर्णय १९९० साली लंडन येथे झाला.