तुपाची बरणी वर्ध्यातच राहू दे

वर्धा

चि. मनू हिस,


तुझ्या आईचा फोन आला होता. तुझ्या जर्मनीच्या बॅगा भरणं सुरू झालंय आणि एक बॅग नुसती खाण्याची आहे, असं कळलं. तुझी आजी आर्वीहून गवळाऊ गाईचं तूप कढवून पाठवते आहे म्हणे. महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा २०२४ साली करार झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या नर्स मुलींच्या तोंडी सदा जर्मनची परीक्षा आणि व्हिसाची तारीख. कस्टमचं नाव कुणी काढत नाही. परदेशी पार्सलांचे फॉर्म तपासण्यात माझी पोस्टातली सगळी नोकरी सरली, तेव्हा तेवढं खातं मी माझ्याकडे घेतो.

फ्रँकफर्टला बॅगा घेऊन बाहेर पडताना दोन वाटा दिसतील, एक हिरवी आणि एक लाल. हिरवीनं चालत निघालीस की कायद्यानं तू सांगून मोकळी झालीस, की माझ्याजवळ कर भरण्याजोगं किंवा मनाई असलेलं काही नाही. तोंडानं एक अक्षर बोलावं लागत नाही, आणि लोक अडकतात ते तिथंच. मनात जरा जरी किंतु असेल तर लाल वाटेनं जा, बॅग उघड आणि विचार. फार तर वस्तू ठेवून घेतील किंवा कर लावतील. हिरव्या वाटेवर तीच वस्तू बॅगेत सापडली तर वर दंड आणि चौकशी. नव्या देशातल्या पहिल्याच दिवशी ते कुणी सांगितलं!

आता तूप. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. थोडंसं असलं तरी नाही. तूप, पेढे, खवा, श्रीखंड सगळं त्यात आलं. आजीला हे अन्यायाचं वाटेल, तेव्हा तिला लाळ-खुरकताची आठवण दे. गोठ्यात तो रोग शिरला की काय होतं, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जर्मनीत १९८८ नंतर तो दिसलाच नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ ब्रांडेनबुर्ग प्रांतात म्हशींच्या एका कळपात निघाला, तर कळप मारावा लागला आणि काही देशांनी जर्मनीचं मांस-दूध घेणं बंद केलं. तुपाच्या बरणीला ते घाबरतात ते असं.

गंमत अशी, की बिस्किटं आणि केक यांना या बंदीतून सूट आहे. म्हणजे आपल्या गोरस भांडाराचा गोरसपाक, ज्यात गाईचंच तूप आहे, तो भाजलेला पदार्थ म्हणून जायला हरकत नसावी. मात्र खोकं सीलबंद ने, वरचा घटकपदार्थांचा कागद फाडू नको. घरच्या बेसनाच्या लाडवांचं मी सांगू शकत नाही. स्टीलच्या डब्यावर घटक लिहिलेले नसतात, समोरचा अधिकारी ठरवील ते खरं. मध दोन किलोपर्यंत चालतो. चिवडा, पापड, कुरडया, लोणचं, वायगावच्या हळदीची पूड, यांची काळजी नाही. पण ओली हळद नको, कढीपत्ता नको, तुळशीचं रोप तर नकोच. ताजी फळं-भाजी, रोपं, बियाणं यांना आपल्या कृषी खात्याचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्यातून केळी, नारळ, अननस, खजूर आणि तो वास मारणारा ड्युरियन एवढे सुटले आहेत. आपला संत्रा नाही सुटला, त्याला इलाज नाही.

अनारशांवरच्या खसखशीची धास्ती तुझ्या आईनं घेतली आहे, कारण शेजारचा मुलगा दुबईला जाताना त्याला बजावलं होतं. ते बरोबरच होतं, अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. जर्मन मात्र पावावर आणि केकमध्ये खसखस हात सैल सोडून घालतात.

खाण्यापेक्षा मला नव्या वस्तूंची धास्ती जास्त आहे. विमानानं जाणाऱ्या प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त, म्हणजे चाळीस हजार रुपयांहून थोड्या जास्त. एकाच वस्तूची किंमत त्याहून जास्त असेल तर वरच्या फरकावर नाही, अख्ख्या किमतीवर कर बसतो. एकूण माल ७०० युरोच्या आत असला तर जर्मनीत बहुधा सरसकट साडेसतरा टक्के घेतात. पण तू तिथं राहायला चालली आहेस, म्हणून तुला दुसरी सवलत आहे. बारा महिने तरी संघाबाहेर राहिलेल्या माणसानं आपलं बिऱ्हाड हलवलं, तर निदान सहा महिने स्वतः वापरलेलं सामान करमुक्त नेता येतं. अट एवढीच, की पुढचे बारा महिने ते विकायचं नाही, कुणाला उसनंही द्यायचं नाही. म्हणून तुझ्या बाबांना सांग, निरोपाचा नवा लॅपटॉप आणि नवा सोन्याचा सेट ही हौस आवरा. तुझा कॉलेजातला लॅपटॉप ने, आजीनं बारावीला केलेल्या बांगड्या ने. त्यांची जुनी बिलं काढून फोटो मोबाइलमध्ये ठेव, जुनं असल्याचा पुरावा तोच.

त्या बांगड्यांचं आणखी एक. निघताना आपल्याकडच्या कस्टमकडून निर्यातीचा दाखला करून घे, म्हणजे दिवाळीला परत येशील तेव्हा हे सोनं बाहेरून आणलं का, असं कुणी विचारलं तर कागद दाखवता येईल. थोडा वेळ जाईल, विमानतळावर लवकर पोहोच. देवघरातलं मोरपीस नेऊ नको, ते देशाबाहेर न्यायला मनाई आहे. आणि पणजोबांची हाताने लिहिलेली पोथी मुळीच नको. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षांहून जुनी, वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात आणि ती तुला-मला बाहेर नेता येत नाहीत. तिचे फोटो काढून घे. वाचायला छापील प्रत मी आणून देतो.

तू गेल्यावर आजी पार्सल करीलच. घरच्या माणसानं घरच्या माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते, साडेचार हजार धर. दूध-तुपाची बंदी पोस्टालाही तशीच लागू. फॉर्मवर 'खाद्यपदार्थ' असं मोघम लिहून चालणार नाही. चिवडा इतके ग्रॅम, किंमत इतकी, असं लिहायचं. काउंटरवर मी पाहिलंय, साडी असो की चांदीची समई, लोक खुशाल 'जुने कपडे' लिहितात. पार्सल तिथं उघडलं की त्रास पाठवणाऱ्याला नाही, घ्यायला गेलेल्याला होतो. आजीचा फॉर्म मी भरीन, तू नुसता पत्ता नीट पाठव.

रविवारी बिलं आणि सामानाची यादी घेऊन ये. प्रत्येक वस्तूपुढे ती कधी घेतली ते लिहून आण. तुझ्या आईला म्हणावं, बॅगांना कुलूप त्यानंतरच लावा.

तुझा,
मामा