इंजिनाची ताकद वाढविताना : आधी काय, नंतर काय?


कोऱ्या कापडातील खळ काढल्याशिवाय त्यावर रंग सारखा चढत नाही, हे आम्ही कापडवाले जाणतो. रंग कितीही उंची असो, क्रम चुकला की माल डागी होतो. मोटारीच्या इंजिनाचेही असेच आहे. बाजारात प्रत्येक दुकानदार आपलाच भाग आधी बसवायला सांगतो. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी क्रम समजून घेणे जरुरीचे आहे.

मूळ गोष्ट अशी की, एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेलचा हिशेबही जवळपास असाच आहे. म्हणजे ताकद वाढविणे म्हणजे आधी हवा वाढविणे आणि त्या प्रमाणात इंधन देणे. हवा न वाढविता नुसते डिझेल वाढविले तर काळा धूर निघतो, इंजिन तापते आणि पैसा सायलेन्सरमधून बाहेर जातो.

पहिली पायरी : गाडीची मूळ ताकद परत मिळविणे. एअर फिल्टर, कंप्रेशन, नोझल किंवा स्पार्क प्लग, टर्बोचे फाटके पाईप आणि घसरणारा क्लच तपासून घ्यावा. कित्येकदा 'गाडी ओढत नाही' ही तक्रार इथेच मिटते व पुढचा खर्च वाचतो.

दुसरी पायरी : टायर, ब्रेक व रेडिएटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायचे अंतर चौपट होते. ज्याला थांबता येत नाही, त्याने वेग विकत घेऊ नये.

तिसरी पायरी : हवा आत येण्याचा व धूर बाहेर जाण्याचा मार्ग. नुसत्या याने फरक थोडा पडतो. मात्र पुढच्या कामाचा हा पाया आहे.

चौथी पायरी : मोठा टर्बो, इंटरकूलर, इंजेक्टर. हे घेण्यापूर्वी वाढीव जोर क्लच व गिअरबॉक्सला पेलेल काय, हे विचारावे.

पाचवी पायरी : इंजिनाच्या संगणकाचे ट्यूनिंग. टर्बो गाडीत याने बराच फरक पडतो, बिनटर्बो गाडीत फार थोडा. ते शेवटी ठेवायचे कारण उघड आहे. नंतर मोठा भाग बदलला तर ट्यूनिंग पुन्हा करावे लागते आणि एकाच कामाचे दोनदा पैसे जातात. ज्यांना चौथी पायरी चढायचीच नाही, त्यांनी तिसरीवरून सरळ पाचवीवर यावे. म्हणून कुठपर्यंत जायचे ते आधी ठरवावे आणि मगच पहिला रुपया खर्च करावा.

कायद्याकडेही लक्ष असावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बी.एस.-६ गाड्यांची धूर गाळणारी यंत्रणा काढणे तर मुळीच योग्य नाही. तो धूर आपल्याच मोहल्ल्यातील मुले घेतात. तिसऱ्या पायरीपासून पुढे जाण्यापूर्वी आर.टी.ओ. व विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. वॉरंटीची अटही वाचावी. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर त्या नुकसानीपुढे वाढलेली ताकद काहीच नाही.

पहिल्या दोन पायऱ्यांना कोणाची परवानगी लागत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे काम तेवढ्यातच भागेल. उरलेले भांडवल दुकानात माल भरायला कामी येईल.