कण्हेरगडावर राहिलेली किल्ली आणि वीस लिटरची सॅक

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी कण्हेरगडाच्या कातळटप्प्यावर माझ्या सॅकचा उजवा पट्टा सुटला. वरच्या खाचेत बोटं अडकवून मी अंग उचललं आणि पाठीवरचं सगळं वजन एकदम डाव्या खांद्यावर आलं. तोल गेला. मागच्या मित्राने कंबरेला हात देऊन दाबून धरलं म्हणून नुसतं कोपर सोलवटण्यावर निभावलं. बाजूच्या जाळीतली पाण्याची बाटली उड्या मारत खाली गेली. बाहेरच्या कप्प्याची चेन अर्धवट लागलेली होती, ती उघडली आणि गाडीची किल्ली गवतात कुठेतरी पडली. पाच जणांनी अडीच तास ते गुडघाभर गवत पिंजून काढलं. किल्ली मिळाली नाही.

वाटेबद्दल थोडक्यात: चाळीसगावपासून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या गेटवर नोंद करायची, वाटेत नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला होता. त्याबद्दलचा शके 1128चा, म्हणजे इ. स. 1207चा शिलालेख इथलाच, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. हे वाचून जा, पाटणचं देऊळ मग वेगळं दिसतं. बाकी माहिती कुठल्याही नकाशावर मिळेल. मला लिहायचं आहे ते सॅकबद्दल.

गाडी पाटणादेवीलाच सोडून आम्ही एका जीपने चाळीसगाव गाठलं. दुसरी किल्ली घेऊन धाकटा भाऊ जळगावहून रेल्वेने निघाला होता. स्टेशनजवळ केकी मूस यांचं कलादालन आहे, पण तोवर ते बंद झालं होतं. स्टेशनबाहेर एक म्हातारे बाबा चपला शिवत बसले होते. त्यांच्यासमोर सॅक ठेवली आणि म्हटलं, "बाबा, पट्टा तुटला." त्यांनी ती उलटीसुलटी केली, आतलं अस्तर बाहेर ओढलं आणि म्हणाले, "पट्टा नही तुटना भाऊ, शिवन उसवनी."

मग त्यांनी मला जे दाखवलं ते इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. पट्ट्याचं टोक पाठीच्या शिवणीत जेमतेम अर्धा इंच आत गेलेलं होतं. त्यावर टाक्यांची एकच ओळ, तीही बारीक दोऱ्याची. कापलेली कड जाळून बंद केलेली नव्हती, त्यामुळे धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत आले होते. वरून जाड फोमचा, ऐटदार दिसणारा पट्टा, आणि त्याचा सगळा भार त्या एका ओळीवर. बाबांनी आतून कॅनव्हासचा हातभर तुकडा दुमडून लावला, पट्ट्याचं टोक दोन इंच आत ओढलं, आणि आरीने मेण लावलेला दोरा ओवत आधी चौकट आणि मग चौकटीत फुली शिवली. दोन्ही हातांनी तीन झटके दिले. डावा पट्टा सुटलेला नव्हता, तरी न सांगता तोही तसाच शिवून दिला. पैसे घेतले साठ रुपये. ती सॅक आता माझ्या पुतणीकडे आहे आणि व्यवस्थित चालते आहे.

तेव्हापासून दुकानात गेलो की मी आधी सॅक उलटी करतो. पट्टा वर जिथे अंगाला जोडलेला असतो आणि खाली जिथे बारीक पट्टी कोपऱ्यातून निघते, त्या चार जागा आतून बघा. चौकट-फुलीची किंवा जवळजवळ भरलेल्या आडव्या टाक्यांची शिवण हवी. खालच्या कोपऱ्यात त्रिकोणी कापडी पान शिवलेलं असलं तर उत्तम, ताण त्यावर वाटला जातो. कापड किती डेनियरचं, पाणी अडवतं का, हे प्रश्न त्यानंतरचे. कापड फाटून गडावर अडकलेला माणूस मी पाहिलेला नाही, पट्टा सुटून अडकलेले बरेच.

एका दिवसाच्या भटकंतीला 18 ते 22 लिटरची सॅक पुरते. लळिंगला हायवेपासून तासाभराची चढाई, आणि तिथे 50-60 लिटरच्या सॅका चढवणारे लोक दिसतात. अर्ध्या रिकाम्या सॅकमध्ये सामान खाली बसतं, पाठीपासून लांब ओढतं आणि प्रत्येक पायरीला मागे खेचतं. मोठ्या सॅकेने कोणी मोठा ट्रेकर होत नाही. खान्देशात मात्र एक हिशेब वेगळा करावा लागतो, तो पाण्याचा. मार्चनंतर लळिंग, सोनगीर, भामेर यांपैकी कुठेही गेलात तरी सावली मिळायची मारामार. जळगाव-भुसावळकडचा पारा उन्हाळ्यात 45च्या आसपास जातो हे आपल्याला कोणी सांगायला नको. माणशी तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. डबा, दोरी, टॉर्च, औषधं धरून पाच किलो. म्हणून दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघण्यात अर्थ नाही. जळगावच्या फुले मार्केटमध्ये घ्या की धुळ्याच्या आग्रा रोडवर, जाताना भरलेल्या चार-पाच बाटल्या बरोबर न्या, सॅकमध्ये घाला, पट्टे आवळा आणि दहा मिनिटं दुकानातच वावरा. तळ कंबरेच्या हाडावर टेकला पाहिजे, ढुंगणावर आपटता कामा नये. पट्टा मानेला घासत असेल तर ती सॅक तुमच्या मापाची नाही. छातीवरची पट्टी हवीच. त्या दिवशी ती असती तर सुटलेला पट्टा निदान अंगाशी राहिला असता. पाठीमागे हवा खेळायला जाळी किंवा खोबण असलेली घ्या, आणि रंग काळा नको. उन्हात काळी सॅक आतला डबा आंबवते.

बाजूचे कप्पे खोल हवेत. बाटली घालून सॅकसकट खाली वाका. बाटली पडली तर ती कडेवरूनही पडणार.

आता सुरक्षिततेचं. आपली बहुतेक भटकंती एसटीने आणि पॅसेंजरने होते. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून सामान टाकून जागा धरायची आपली जुनी सवय. रुमाल टाका, सॅक टाकू नका. दोन चेन वर मधोमध येऊन मिळतात, त्या गर्दीत मागच्या माणसाला सहज उघडता येतात. त्या एका बाजूला खाली नेऊन छोट्या कडीने एकत्र अडकवा. पैसे, ओळखपत्र आणि मोबाइल पाठीला टेकणाऱ्या आतल्या कप्प्यात. असा कप्पा नसेल तर कंबरेचा पाऊच घ्या. एकवीरादेवीची यात्रा असो की नवरात्रातली मनुदेवी, गर्दीत सॅक छातीवर घ्यायला लाजू नका. रेल्वेत वर रॅकवर नको, दोन पायांत ठेवून एक पट्टा पोटरीत अडकवा. आणि किल्ली: सॅकच्या आत बारीक आकडा असतो, तो किल्लीसाठीच असतो. नसेल तर शिवून घ्या. बाहेरच्या कप्प्यात कंगवा आणि रुमाल, याहून किमती काही नको.

पावसाळ्यात वरून घालायच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तोंड पिळून बंद करा, सामान कोरडं राहतं. ठेचा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, केळी सगळ्यात वर. खाणं हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन चालू नका, पाटणादेवीची वानरं ती पिशवी ओळखतात.

एक कप्पा कचऱ्यासाठी मोकळा ठेवा, ही माझी अटच समजा. त्या रविवारी किल्ली शोधताना आम्हाला गवतात वेफर्सची पाकिटं, दारूच्या दोन बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्यांच्या माळा सापडल्या. केदारकुंडावर स्पीकर लावून नाचणाऱ्या टोळक्यांचा राग येतो, पण पाकिटं टाकणाऱ्यांत महागडे बूट घातलेले आणि स्वतःला ट्रेकर म्हणवणारेही असतात. भरलेलं पाकीट वर नेता येतं, तर रिकामं खाली आणायला वजन किती लागतं? आम्ही दोन पिशव्या भरून आणल्या.

येत्या रविवारी निघणार असाल तर आज रात्री सॅक उलटी करून त्या चार शिवणी ओढून बघा. आणि कण्हेरगडावर लेण्यांच्या वरच्या टप्प्यात, गवतात, लाल गोंडा लावलेली गाडीची किल्ली कोणाला दिसली, तर कृपया अभयारण्याच्या गेटवर देऊन ठेवा.