आजचा धडा: पगाराची स्लिप वाचायला शिका

मंडळी, बंदीच्या ६१ दिवसांत घरात पैसा येत नाही. म्हणून आम्ही सहाजणांनी होडी सोडून मासळी प्रोसेसिंगच्या एका लहान कंपनीत नोकरी धरली. मालक गोड बोलायचा. पगार मात्र कधी १५ला, कधी २५ला. पीएफ दर महिन्याला कापायचा. दोन वर्षांनी पासबुक बघितलं, तर भरणा फक्त चारच महिन्यांचा!

यातून शिकलो ते असं:

१. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा.
२. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. उमंग ॲपवर तपासत राहा.
३. स्लिप, हजेरी, बँकेची नोंद जपून ठेवा. आमच्याकडे स्लिपा होत्या, म्हणून पुरावा झाला.
४. एकट्याने भांडू नका. सगळ्यांच्या सह्यांनी पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या.

घरातलं कोणी नोकरीला असेल, तर आजच पासबुक उघडून बघायला सांगा.