‘तुझ्या सोयीचंच बघितलं’

आयटीत बायकांना त्रास नसतो, असं मला नातेवाइकांनी ऐकवलंय, सोसायटीतल्या लोकांनी ऐकवलंय आणि आमच्याच ऑफिसातल्या पुरुषांनीही ऐकवलंय. एसीत बसून काम, उशीर झाला तर दारापर्यंत कॅब, कोणी वाकडं बोलत नाही. माझ्याशीही कोणी कधी वाकडं बोललं नाही. जे झालं ते गोड बोलून झालं, आणि तेच जास्त घातक असतं म्हणून लिहिते आहे.

२०१८ च्या शेवटी हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात अमेरिकन क्लायंटचं क्लेम्सचं मॉड्यूल गो-लाइव्हला निघालं होतं. डिझाइन माझं. रात्रीचा रिकन्सिलिएशन जॉब अडकला की फोन मला. गो-लाइव्हला एकानं ऑनसाइट जायचं होतं आणि कोण जाणार, हा प्रश्न टीममध्ये कोणाला पडलाच नव्हता. व्हिसा स्टॅम्प होऊन आला होता. क्लायंटकडची मंडळी ‘कधी येतेस’ म्हणून विचारत होती. सासूबाईंनी तर तिकडच्या थंडीसाठी मला लक्ष्मी रोडला नेऊन थर्मल घेऊन दिले होते.

गेला माझ्या हाताखालचा मुलगा. त्याच्यावर माझा राग नाही, काम चांगलं करायचा. पण ते मॉड्यूल त्याला मी शिकवलं होतं, आणि तिकडे पोचल्यावर अडला की तो मलाच पिंग करायचा. मी इथे जागून उत्तरं शोधायची, त्यानं तिथल्या कॉलवर ती सांगायची. मॅनेजर म्हणाला, “अगं, या वेळी बजेट ज्युनिअरचंच होतं. पुढच्या वेळी तूच.”

फेब्रुवारीतल्या एका स्टेटस कॉलवर मॅनेजर स्क्रीन शेअर करून रिलीज प्लॅन दाखवत होता. एक्सेलमध्ये शेजारच्या टॅबवर क्लिक पडलं आणि रिसोर्स प्लॅनिंगची शीट उघडली. नाव, स्किल, व्हिसा, ऑनसाइट, रिमार्क्स. माझ्या ओळीत स्किलखाली ‘एक्स्पर्ट’, व्हिसाखाली ‘स्टॅम्प्ड’, आणि पिवळ्या केलेल्या रिमार्कच्या रकान्यात ‘न्यूली मॅरिड. अव्हॉइड फॉर ऑनसाइट. फॅमिली प्लॅनिंग?’ शेवटी प्रश्नचिन्ह. खालची ओळ ऑनसाइट गेलेल्या मुलाची होती. त्याचं लग्न माझ्यानंतर लगेचच झालं होतं, आम्ही सगळे जेवून आलो होतो. त्याचा रिमार्कचा रकाना कोरा होता.

टॅब लगेच बदलला. कॉलवर सगळी टीम होती. कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि नंतर चहालाही तो विषय निघाला नाही. मला त्या शीटइतकाच या गप्प बसण्याचा राग आहे.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं. तो चिडला नाही, उलट खुर्ची पुढे केली. “बघ, तुझ्या सोयीचंच बघितलं मी. नवा संसार आहे, घरचे काय म्हणतील? बहिणीसारखी आहेस म्हणून एवढा विचार केला.” घरच्यांना कोणी विचारलं होतं? मला कोणी विचारलं होतं? माझ्या घरात काय चालतं आणि मूल कधी हवं, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं आणि वर उपकार केल्याच्या सुरात सांगितलं. नंतर अप्रेझलमध्ये त्याच माणसानं लिहिलं की माझी ‘क्लायंट व्हिजिबिलिटी’ कमी पडते. कॅलिब्रेशनमध्ये मधलं रेटिंग, बढती पुढच्या वर्षावर.

त्याच मार्चमध्ये महिला दिनाला कॅफेटेरियात सुधा मूर्तींची गोष्ट सांगितली गेली. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं लिहिलेलं पाहून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, ते. मला त्या दिवशी वाटलं, ते निदान छापलेलं तरी होतं. त्याला उत्तर देता येत होतं. आमच्याबद्दल जे लिहिलेलं असतं ते आम्हाला दिसतच नाही.

म्हणून माझ्यामागून येणाऱ्या मुलींना पहिलं सांगणं हे, की तोंडी आश्वासन लगेच कागदावर आणा. वन-ऑन-वन संपलं की तासाभरात मेल टाका: ‘आज ठरल्याप्रमाणे पुढच्या ऑनसाइटसाठी माझं नाव आहे, काही बदल असल्यास कळवावे.’ भाषा साधी ठेवा. उत्तर आलं नाही तरी मेल राहतो. लग्न ठरलं, साखरपुडा झाला की त्याच आठवड्यात आणखी एक मेल हवा: ‘प्रवासाची, शिफ्टची, ऑनसाइटची माझी तयारी पूर्वीसारखीच आहे.’ हे लिहावं लागतं याची चीड येते, पुरुषाला कोणी लिहायला लावत नाही. तरी लिहा.

घटना, तारीख, कोण हजर होतं, हे स्वतःच्या वहीत घरी लिहून ठेवा. ऑफिसच्या फाइली, क्लायंटचा डेटा स्वतःच्या जीमेलवर अजिबात पाठवू नका. पॉलिसीभंगाचा ठपका तुमच्यावरच येतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

तक्रार कुठे करायची हेही नीट समजून घ्या. मला एचआरनं आधी अंतर्गत समितीकडे पाठवलं आणि समितीनं सांगितलं की हे आमच्याकडे येत नाही. २०१३ च्या कायद्याखालची ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते. तशी तक्रार असेल तर मात्र थांबू नका, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. बढती-बदलीतल्या भेदभावाचा रस्ता वेगळा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री कामगाराशी भेदभाव करायला मनाई आहे. तक्रारीच्या मेलमध्ये मी हा कायदा नावानिशी लिहिला, तेव्हा कुठे माझी मीटिंग लागली. तोवर ‘बघतो’ एवढंच चालू होतं. मीटिंगमध्ये शीट मागितली, तर रिमार्कचा रकाना गेलेला होता. पाहिलेल्यांपैकी एकालाही ‘नक्की आठवत’ नव्हतं.

बाकी नेहमीच्या गोष्टी आहेतच. स्किल्स अपडेट ठेवा, बाहेर ओळखी ठेवा. मीटिंगची मिनिट्स आणि वाढदिवसाचे केक दर वेळी तुमच्याच गळ्यात पडत असतील तर पाळी लावायला सांगा. कोणाला नॉलेज ट्रान्सफर देत असाल तर डॉक्युमेंटवर तुमचं नाव असू द्या. सहकारी पुरुषांना एवढंच सांगते, दिसलं तर त्याच कॉलवर बोला. नंतर एकटीला गाठून ‘वाईट वाटलं’ म्हणू नका.

मी नोकरी सोडली तेव्हा एक्झिट फॉर्ममध्ये कारणांची यादी होती. एचआरची मुलगी म्हणाली, “मॅडम, ‘पर्सनल रीझन्स’ टाका, रिलीव्हिंग पटकन होईल.” मी ‘अदर’ निवडलं आणि खाली शीट, रिमार्क, रेटिंग असं सगळं क्रमानं लिहिलं. तिनं फोन करून दोनदा बदलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. रिलीव्हिंग लेटर वेळेवरच मिळालं. ‘पर्सनल रीझन्स’ टाकलं असतं तर लग्नानंतर घरासाठी नोकरी सोडणाऱ्यांत माझी गणती झाली असती, आणि पुढच्या मुलीच्या नावापुढे तोच रिमार्क लिहायला त्यांना माझाच दाखला मिळाला असता.